अंगण वाकडंच आहे, नाच आता

काहून रे, आणखी किती दिवस? आषाढात म्हणालास, पाऊस थांबू द्या. पाऊस थांबला. मग म्हणालास, गणपती होऊ द्या. गणपती बुडाले. आता धान लोंबीवर आलं, मंडईच्या तारखा ठरायला लागल्या, वडशाच्या नाटक मंडळीचा माणूस दोनदा येऊन गेला, आणि तुझा पाच तारांचा बास अजून धानाच्या कट्ट्याला टेकून उभा आहे. तारांवर गंज. खुंट्यांवर धूळ. आणि तोंडात उत्तर तयार, "सर, हा मल्टिस्केल आहे, याचं सेटिंग इथं होत नाही. मुंबईला न्यावं लागते."

मग नेलास का? नागभीड जंक्शन आहे बाबा. नागपूरची छोटी गाडी २०१९ मध्ये बंद पडली हे खरं, पण गोंदिया-बल्लारशा लाइन काही उखडून नेली नाही कोणी. न्यायचा असता तर केव्हाच नेला असतास. तुला मुंबई नको आहे, मुंबईचं नाव हवं आहे. तेवढ्यावर वर्ष निघतं.

नाचता येईना, अंगण वाकडं. ही म्हण मीच तुला चौथीत शिकवली. तू ती इतकी मनावर घेतलीस की बाजारातून खरोखरच वाकडं अंगण विकत आणलंस. परवा पानठेल्यावर चार पोट्ट्यांना सांगत होतास, "पडदे तिरके आहेत ना, म्हणून सूर हलतो." मी मागेच उभा होतो.

ते तिरके का असतात, हे मला कोणी सांगितलं होतं? तूच. बास घ्यायच्या आधी सहा महिने माझं डोकं खाल्लंस. रॅल्फ नोवॅक या अमेरिकन कारागिराने १९८९ मध्ये या तिरक्या पडद्यांचं, म्हणजे मल्टिस्केलचं, पेटंट घेतलं, कॅनडाच्या शेल्डन डिंगवॉलने ती युक्ती बासवर आणली, जाड तार ३७ इंच आणि बारीक तार ३४ इंच. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडात ऑरफॅरियन नावाच्या वाद्याचे पडदेही असेच पंख्यासारखे उलगडलेले असत, तेही तूच सांगितलंस. घडाघडा पाठ होतं. मला वाटलं, पोरगं काहीतरी करून दाखवणार. चुकलो. तुला माहितीचीच हौस होती. वाद्य तिच्यासोबत फुकट आल्यासारखं कोपऱ्यात पडलं.

लिओ फेंडरने १९५१ मध्ये बास काढला तेव्हा सगळ्या तारा ३४ इंची ठेवल्या. चार तारांना ते चाललं. पण त्यांच्याखाली पाचवी, सेकंदाला जेमतेम ३१ वेळा हलणारी बी ची तार लावली की तेवढ्या लांबीत ती कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबते. तीच तार ३७ इंचांवर त्याच सुराला चढव, ताण १८ टक्क्यांच्या आसपास वाढतो. लांबीचा वर्ग करून बघ. गणितात तुला ८० च्या खाली कधी मिळाले नाहीत. मग हे वरचे तीन इंच कशाला विकत घेतलेस? मिरवायला?

कारण त्या तीन इंचांवर तू तार लावलीस ३४ इंची सेटची. चार पैसे वाचले म्हणे. तिचं निमुळतं टोक नटच्या खाचेतच आलं, जाड वेटोळं खुंटीपर्यंत पोचलंच नाही. पाकिटावर लांबी छापलेली असते रे. बापाच्या गॅरेजात टेप असतो. मोजायला किती वेळ लागतो? नंतर लांब तार मागवलीस, शहाणपणा केलास, आणि ती खुंटीत वाकवायच्या आधीच पक्कडीने कचकन कापलीस. जाड तार आधी वाकवायची, कोन पक्का बसवायचा, मग कापायची. नाहीतर वरचं वेटोळं आतल्या तारेवरून सरकतं आणि तार मुकी होते. हेही तुला ठाऊक होतं. कापल्यावर तूच जीभ चावलीस. आणि मुकी तार तशीच चढवलीस.

आता गेल्या पौषातलं सांगू का? सांगतोच. ब्रह्मपुरीच्या पुढचं गाव. रात्री दहाला पडदा वर गेला. बायामाणसं चटया अंथरून, ब्लँकेटं लपेटून बसलेली. झाडीपट्टीच्या नाटकात आजवर ऑर्गनवाल्याचा डावा हातच खर्ज सांभाळत आला, तू तो खर्ज हातात घ्यायला निघालास म्हणून मी थंडीत मुद्दाम पुढे येऊन बसलो. दुसऱ्या अंकात बाप लेकीला निरोप देतो, गायकाने सूर धरला, आणि तू बारावा पडदा दाबलास. चढा. पाव सुराने तरी चढा. ऑर्गनवाल्याने मान वळवून पाहिलं. गायकाने पाहिलं. तू काय केलंस? आवाजाची कळ शून्यावर नेलीस. आणि पहाटे पाचपर्यंत तशीच ठेवलीस. बास गळ्यात, बोटं तारांवर, मान तालात डुलते आहे, आवाज नाही. खर्ज पुन्हा ऑर्गनवाल्याच्या डाव्या हातात. मानधन मात्र पूर्ण घेतलंस.

वर म्हणालास, "सर, या पब्लिकला बासचं काय कळतं?"

लाज वाटली मला. याच पब्लिकपुढे उभं राहून नट परशुराम खुणे यांनी आयुष्य घालवलं, २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही माणसं रात्रभर चटईवर बसतात ती कान घरी ठेवून नाही. माझ्या शेजारची म्हातारी विचारत होती, "गुरुजी, तो पोरगा नुसताच उभा का?" काय सांगू तिला?

सूर का चढला? घोडीवरची सॅडल आली तशीच राहिली म्हणून. तार बाराव्या पडद्यावर नुसती शिवून वाजव, मग तिथंच दाबून वाजव. दाबलेला सूर चढला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे. पाच तारा, पाच स्क्रू, एक संध्याकाळ. आणि पडदा तिरका असला तरी प्रत्येक तारेचा बारावा पडदा तिच्या स्वतःच्या निम्म्यावरच बसवलेला असतो. तो वाकडा दिसतो तो सरळ वागण्यासाठी. तुझं नेमकं उलटं आहे.

पण सॅडलला हात लावायच्या आधी दांडी बघावी लागते, आणि दांडीचं नाव काढलं की तू पांढरा पडतोस. "दांडीतला ट्रस रॉड फिरवला आणि तुटला तर?" अरे, सायकलचं वाकडं चाक स्टँडवर लावून, एकेक आरा पाव-पाव आटा फिरवत तू सरळ करतोस. बारा वर्षांचा होतास तेव्हापासून करतोस. एक तरी आरा तोडलास? इथेही पावच आटा. थांब, सूर पुन्हा लाव, बघ. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धर. पहिल्यावर बोटानेच हं, साधा कॅपो तिरक्या पडद्यावर बसत नाही. मध्ये सातव्या-आठव्यापाशी तारेखाली फट राहते. ०.३ मिलिमीटरच्या आसपास हवी. कशाने मोजू म्हणतोस? टॅपेट कशाने सेट करतोस? फिलर गेज तुझ्या रोजच्या हातातलं. हिरोच्या इंजिनात ते बिनधास्त घालतोस आणि स्वतःच्या बासपुढे हात थरथरतात?

हवेचं कारण तर सांगूच नकोस. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे, जुलैत भिंतींना ओल. लाकूड आहे ते, फुगणार आणि आकसणार. म्हणूनच तर वर्षातून दोनदा तरी बघायचं. तू त्यालाच न बघण्याचं कारण केलंस.

हात कुठे चालले तेही पाहिलं मी. बासच्या अंगावर ताडोब्याचा वाघ चिकटवलास. अयोध्येच्या मंदिराच्या दारांना आपल्या चंद्रपूरचा साग गेला, म्हणून तुलाही मागे सागाची पाटी हवी होती, सुताराकडे चार चकरा मारल्यास. मग नवा पिकअप मागवलास. सरळ खोक्याचा. तिरक्या खाचेत तो बसेना, तर पटाशीने खाच वाढवलीस! वाढवायच्या आधी तारा त्याच्या डोक्यावरून नीट जातात का, बघितलंस? अंगाला अत्तर, आंघोळीचा पत्ता नाही. आधी आहे ते वाद्य सुरात आण, मग लाव वाघ नाहीतर बिबट्या.

एकदा मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो होतो, तंबोरा घ्यायला. नागभीडहून मिरज म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा. २०२४ मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. कारागीर जवारी काढत होता. घोडीला कानस दोन वेळा लावायचा, तार चढवायचा, ऐकायचा, तार उतरवायचा. पुन्हा दोन वेळा. दुपार त्यातच गेली. शेवटी तारेखालचा दोरा केसभर सरकवला आणि खोली भरली. तो माणूस एकदाही म्हणाला नाही, की हे इथं होत नाही.

तुझे हात त्याच्याइतके तयार नाहीत, कबूल. पण तयार होणारे आहेत, म्हणून तर चिडतो. ज्याच्याकडून काही व्हायचं नाही त्याला मी चहा पाजतो आणि वाटेला लावतो. तुला किती वर्षांत चहा पाजला मी?

उद्या सकाळी सातला ये. बास, लांब तारा, टेप, फिलर गेज. आणि ट्रस रॉडची चावी हरवली म्हणू नकोस. बापाच्या गॅरेजात, प्लगपान्याच्या शेजारच्या खिळ्याला टांगलेली आहे. परवा मीच पाहिली.