शेताचे स्थानिक नाव

नाशिक,
पौष शुद्ध दशमी

चि. बाळ यास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आता दिवस ढकलायचे ताई, दुसरं काय!" आणि लगेच वहिनीकडे फोन दिलास. तेव्हापासून ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. फोनवर मी काही बोलले असते तर "असू दे" म्हणून तू विषय बदलला असतास. पत्राला मधेच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी शरीराचं बोलते. दिवाळीत आले होते तेव्हा पाहिलं, चार माणसं जमली की तू गप्प बसतोस. तुझा स्वभाव बदलला, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. तुला ऐकू कमी येतं. वहिनी काही विचारते, तू मान हलवतोस, आणि त्या मान हलवण्याचा प्रश्नाशी मेळ बसत नाही. कान तपासून घे. डोळेही दाखव. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायची रीत जुनी झाली. माझं ऑपरेशन झाल्यावर मी जुन्या लुगड्यांचं गाठोडं सोडलं तर आईचं लुगडं निळं निघालं. कित्येक वर्षं मी ते करडं समजत होते. डॉक्टर म्हणाले, वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा रंग फिका पडतो. हे इतकं सावकाश होतं की माणसाला पत्ता लागत नाही. त्या लुगड्यावर हात फिरवत मी बराच वेळ बसून राहिले. म्हणून म्हणते, तुझ्या त्या "दुसरं काय"मध्ये कान-डोळ्यांचा वाटा किती आणि मनाचा किती, हे आधी वेगळं करू या. आणि पहाटे तीनला झोप उडते, जेवणावर वासना नाही, हे असंच चालू असेल तर त्याला म्हातारपण म्हणून गप्प राहू नकोस. डॉक्टरांना सांग. उदासपणावरही उपचार असतात आणि ते घेण्यात काही कमीपणा नाही.

लोक तुला सांगत असतील की पेन्शन आहे, मुलं मार्गी लागली, देवाचे उपकार मान. ते खोटं नाही. पण असं कुणी सांगितलं की माणूस जास्तच मिटतो, कारण मग मनातलं बोलायला तोंड उरत नाही. सांगून कुणाच्या मनात उपकाराची भावना येत नाही. माझ्या मनात ती येते ती गोधडी शिवताना, आणि ती कशी येते ते तुला नीट सांगावंसं वाटतं.

सध्या जी शिवते आहे तिला वरून आईचं ते निळं लुगडं लावलंय. आत जुनी चादर, आणि कडेला तुकडे जोडलेत. एक तुकडा तुझ्या शाळेच्या खाकी चड्डीचा आहे. एक वहिनीच्या पहिल्या मंगळागौरीच्या साडीचा. कडेपासून धावदोरा घालत घालत आत सरकायचं. ते निळं लुगडं हाताखाली आलं की मला बहात्तरचा दुष्काळ आठवतो. ते नेसून आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. तुझ्या शाळेची फी त्या मजुरीतून गेली. तू तेव्हा लहान नव्हतास, तुलाही आठवत असेल. पण आपण दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही. टाका घालताना मी मनात म्हणते, हे हिच्यामुळे झालं. मोघम "सगळ्यांचे उपकार" म्हणण्यानं मला काही होत नाही. नाव घेतलं, वस्तू हाताला लागली, की आतून भरून येतं.

आणि आजचे उपकारही आहेत की! सुई मला ओवता येत नाही. नात कॉलेजला निघायच्या आधी सात-आठ सुया ओवून उशीला टोचून ठेवते. तेवढ्या संपल्या की माझी दुपारची शिवण संपली. पूर्वी बैठकीला हातभर व्हायची, आता वीतभर होते. बोटं आखडतात, टाका लांब पडतो. मग मी ठरवलं, लांब टाका लपत नाही तर तो दिसू दे. पांढरा दोरा ठेवून दिला आणि केशरी घेतला. सून म्हणते, आजवरच्या सगळ्या गोधड्यांत हीच देखणी. बोटं चांगली असती तर हा दोरा मला सुचला नसता.

आता तुझ्याबद्दल. सरकारनं तुला अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी पाठवलं तेव्हापासून तू "माझं काम संपलं" म्हणतोस. त्याच वयाचे असताना, १९१६ साली, महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. पुढे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, खेड्यापाड्यांत शाळा काढायला मंडळ उभं केलं. पण ती माणसं वेगळी, असं तू म्हणशील, म्हणून मी त्यांच्यावर थांबत नाही. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचं बघ. लिहावाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला, तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. आणि त्यात काय आहे? घरातली भांडणं, सोवळंओवळं, उसनवारी, नवऱ्याचा विक्षिप्तपणा, पोरंबाळं. कुठून बाहेरून काही आणावं लागलं नाही. नवरा, म्हणजे रेव्हरंड टिळक, १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं होतं. तेही लक्ष्मीबाईंनी पुढे लिहून काढलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. टिळकांनी "आता पुरं होईल की नाही" असा विचार केला असता तर लक्ष्मीबाईंच्या हाती काहीच आलं नसतं.

आपल्या वयात आशा हीच, की सुरू केलेलं दुसरं कुणी पुढे नेईल, असं मी अनुभवानं सांगते. उभारी आली की काम सुरू करीन, असं म्हणत राहिलं तर वर्षं निघून जातात. काम आधी हाती घ्यावं लागतं, उभारी मागून येते. आणि काम असं धरावं की ते आपल्याच हातून पुरं व्हावं ही अट त्याला नसावी.

तुझ्यासाठी मला एक काम दिसतं. तू जन्मभर मोजणी केलीस. तेहतीस फुटांची साखळी, साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, हे तू माझ्या मुलांना अंगणात दोरी टाकून शिकवलं होतंस. किती गावांचे बांध तुझ्या पायाखालून गेले! बांधावरची भांडणं मिटवून तू रात्री उशिरा घरी यायचास. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, क्षेत्र असतं, आकार असतो, आणि 'शेताचे स्थानिक नाव' म्हणून एक जागा असते. ती बहुधा कोरी असते, हे मला तूच दाखवलं होतंस. एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट आले. नावं लोकांच्या तोंडी राहिली, आणि ती तोंडं आता नव्वदीला आली आहेत. पाणी कुठे होतं, कोणतं झाड होतं, कुणाची वस्ती उठून गेली, सगळं त्या नावांत असतं. पोरं आता "गट दोनशे बारा" म्हणतात.

ती नावं तू लिहून काढ. तुझ्याइतकं हे कुणाला जमणार? तुला नकाशा वाचता येतो, बांध कुठून कुठे जातो ते डोळे मिटून सांगता येतं, आणि म्हातारी माणसं तुला "मोजणीवाले भाऊ" म्हणून अजून ओळखतात. गुडघे दुखतात तर चालायची गरज नाही, पारावर बसून होईल. वही आखून घे: गट नंबर, नाव, नाव पडण्याचं कारण, सांगणाऱ्याचं नाव. ज्यानं सांगितलं त्याचं नाव गाळू नकोस. नकाशाही हातानं काढ. तुझं अक्षर आणि तुझी रेघ अजून सुरेख आहे. हात थरथरला तर रेघ जाड काढ. शनिवार-रविवार नातवाला बरोबर ने. तो मोबाइलवर जागा टिपून घेईल, आणि त्याला बांध ओळखता येतील. एकेक गाव घे. दहा गावं व्हायलाच हवीत असं काही नाही. जिथे थांबशील तिथून पुढे तो नेईल, किंवा दुसरं कुणी नेईल.

पंचाहत्तरी झाल्यापासून मला एस.टी.चं तिकीट पडत नाही, त्यामुळे संक्रांतीनंतर मी येते. राहीन चार दिवस. गोधडीही घेऊन येईन, वहिनीच्या साडीचा तुकडा तिला दाखवायचा आहे.

सुरुवात आपल्याच शिवारापासून कर. मला आठवतात ती नावं अशी: चिंचेचं टेपाड, देवाचं रान, खालची पट्टी, कवडी. कवडीला कवडी का म्हणतात ते मला ठाऊक नाही. धाकट्या काकूंना माहीत असेल. त्या सकाळी कुणाशी बोलत नाहीत, दुपारच्या चहानंतर बोलतात. मी येईपर्यंत थांबू नकोस, याच आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन ये.

वहिनीस आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी,
ताई