आरसा आणि उपदेश

नाशिकहून उत्तरेस वणीच्या दिशेने निघाले की दिंडोरीचा परिसर लागतो. माघ-फाल्गुनात या रस्त्याच्या दुतर्फा द्राक्षांचे मांडव घडांनी लवलेले दिसतात. यांतली बहुतेक द्राक्षे खाण्यासाठीच पिकतात. काहींची मात्र वाइन होते, आणि एका तांबड्या वाइनच्या बाटलीवर तर चक्क 'दिंडोरी' हे नाव छापलेले असते. याचा अभिमान वाटावा की संकोच, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्हाला आज विचार करायचा आहे तो याच रस्त्याने महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांचा.

आपण ख्रिस्ती माणसे या वेलीशी विशेष नात्याने बांधलेली आहोत. काना गावच्या लग्नातील चिन्ह, शेवटच्या भोजनातील प्याला आणि दररोजची पवित्र मिस्सा हे सारे आठवले, म्हणजे 'द्राक्षारस हेच पाप' असे म्हणून आपली सुटका होत नाही. ज्या संत पौलाने तिमथ्याला प्रकृतीसाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सुचविले, त्याच पौलाने मद्यधुंद होण्याविरुद्ध ख्रिस्तमंडळ्यांना कठोर शब्दांत बजावले. म्हणजे प्रश्न मात्रेचा आहे. बंदीचा उपदेश करणे सोपे असते, मात्रेचा उपदेश अवघड. कारण मात्रा ज्याची त्याला मोजावी लागते.

एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका लग्नसमारंभात आम्ही ओळखीच्या एका विद्यार्थ्याला चारचौघांत फैलावर घेतले. त्याच्या घराण्याची अब्रू, आईचे अश्रू, नरकाची वाट, असे सगळे आम्ही त्याला ऐकवले. आमचा एकही शब्द खोटा नव्हता. पण तो मान खाली घालून निघून गेला आणि पुढे दोन वर्षे आम्हाला टाळत राहिला. त्याचे पिणे थांबले नाही, बोलणे तेवढे थांबले. तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. दुसऱ्याला त्याचा दोष दाखविताना सत्यही शाबूत राहावे आणि प्रेमही, असे कसे साधावे?

या प्रश्नाचे एक उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. अमेरिकेतील सिअॅटल येथील विद्यापीठात अॅलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात बेतालपणे पिणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. त्यात व्याख्यान नव्हते, धमकी नव्हती. विद्यार्थ्याने स्वतःच नोंदविलेली माहिती नीट मांडून त्याच्यासमोर ठेवायची. किती पेले झाले, कोणकोणती संकटे ओढवली, त्याच्या वयाची इतर मुले प्रत्यक्षात किती पितात, हे दाखवायचे. मग एकांतात, दोष न देता, त्यावर बोलायचे आणि निर्णय त्याच्यावर सोपवायचा. पुढील दोन वर्षांत या मुलांचे पिणे आणि त्यातून होणारे अनर्थ इतरांच्या मानाने कमी राहिले. हा परिणाम चमत्कारासारखा मोठा नव्हता. पुढे इतरत्र झालेल्या अभ्यासांतही तो लहानच आढळला. पण एवढ्याशा संभाषणाने एक अपघात टळला, तरी त्याचे मोल त्या घराला विचारावे.

आपल्या शेजारच्या गोव्यातही असाच प्रयत्न झाला. १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी समुपदेशनाची एक पद्धत घडविली. त्यांची पारख जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या चाचणीने झाली. या चाचणीत चाळीसपैकी आठ गुण झाले की धोक्याची घंटा समजतात. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. त्यांची पहिली पायरी हीच, त्या माणसाच्या पिण्याचे चित्र त्याच्यापुढे ठेवणे. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तीन महिन्यांनंतर या पद्धतीतील ३६ टक्के पुरुष धोक्याच्या रेषेखाली आले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. ते विद्यार्थी नव्हते, हे खरे. पण कोकणी-मराठी बोलणारा माणूसही आरशापुढे उभा राहू शकतो, एवढे यावरून निश्चित दिसले.

हा आरसा काय दाखवतो? एक साधे उदाहरण घेऊ. 'आम्ही दारू पीत नाही, फक्त बिअर घेतो,' असे मुले सांगतात, आणि त्यांना ते मनापासून खरे वाटते. आठ टक्के मद्यार्क असलेल्या स्ट्राँग बिअरच्या साडेसहाशे मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे चाळीस ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. तीस मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या पेगात तो दहा ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे एक बाटली म्हणजे चार पेग! हे गणित रागावून सांगावे लागत नाही. मुलगा ते स्वतःच करतो आणि गप्प होतो.

दुसरी गोष्ट 'सगळेच पितात' या वाक्याची. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १४ टक्क्यांनीच आपण मद्य घेतो असे सांगितले. काहींनी लपविले असेल असे धरले, तरी 'सगळे' कोठे आणि हा आकडा कोठे! पिणाऱ्यांचा गोंगाट ऐकू येतो. न पिणारे मुकाट्याने घरी जातात, म्हणून ते मोजले जात नाहीत.

येथे एक नैतिक शंका उभी राहते, आणि ती टाळता कामा नये. मंदिरात उभा राहून आपण इतरांसारखे नाही याबद्दल देवाचे आभार मानणारा परुशी आपल्याला ठाऊक आहे. इतरांशी तुलना करून माणूस सुधारायचा, तर आपण त्याला परुशीच करीत नाही काय? शिवाय उद्या सगळेच पिऊ लागले, तर पिणे योग्य ठरेल काय? आम्हाला वाटते, ही तुलना चांगल्या-वाइटाचे प्रमाण होऊ शकत नाही. ती केवळ एक खोटी सबब काढून घेते. सबब गेली की माणूस स्वतःपाशी उरतो, आणि सदसद्विवेकबुद्धीचा आवाज ऐकू येतो तो तेथेच.

खरे तर ही पद्धत आपल्याला परकी नाही. संत इग्नेशियसने आपल्या 'आध्यात्मिक साधने'त आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेषा आखून दिल्या आहेत. जो दोष घालवायचा तो जितक्या वेळा घडला, तितके ठिपके त्या रेषेवर द्यायचे. मग सकाळची संध्याकाळशी, आजची कालशी, या आठवड्याची मागच्याशी तुलना करायची. येथे तुलना शेजाऱ्याशी नाही, स्वतःशी आहे. नाथान संदेष्ट्यानेही दाविद राजाला आधी शिव्याशाप दिले नाहीत. एका कोकराची गोष्ट सांगितली, राजाला न्याय करू दिला आणि मगच आरसा फिरविला. बंधूचा अपराध प्रथम एकांतात, दोघांतच दाखवावा, ही प्रभूची शिकवण आहे. संत थॉमस अक्वायनस या प्रबोधनाला प्रीतीचे कृत्य म्हणतो. आणि आपल्या बोलण्याने समोरचा अधिकच बिघडेल असे दिसत असेल तर थांबावे, असेही सांगतो. त्या लग्नमंडपात आमचे नेमके काय चुकले, हे आम्हाला येथे उमगले.

मात्र आरशाची मर्यादाही ओळखली पाहिजे. ज्याचे शरीरच मद्याच्या आहारी गेले आहे, त्याला आरसा पुरत नाही, उपचार लागतात. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' उभे केले ते यासाठीच. २७ जानेवारी २०२२ रोजी अनिल अवचट निवर्तले. त्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. पुढे विरोध झाला आणि तो निर्णय अमलात आला नाही. पण त्या एका दिवसाच्या दोन बातम्या समाजालाही आरसा दाखवून गेल्या.

आणि घराला? बारशाला, साखरपुड्याला, सणाला आपण पाहुण्यांसमोर काय ठेवतो, किती ठेवतो, 'एकाने काय होते' असा आग्रह कोण करतो, याचे ठिपके आपण कधी मांडतो काय? जो बाप स्वतःचा पेला मोजत नाही, त्याने मुलाच्या पेल्याचा हिशेब मागू नये.

दिंडोरीचा बागाईतदार ऑक्टोबरात छाटणीला उभा राहतो, तेव्हा सरसकट कोयता फिरवीत नाही. काडी हातात घेतो, तिची जाडी पाहतो, घड कोणत्या डोळ्यात आहे याचा अंदाज घेतो, आणि मगच कात्री लावतो. प्रत्येक काडीची छाटणी वेगळी. आपली मुले तर वेलीहून मोलाची आहेत. त्यांच्याजवळ जाण्यापूर्वी एवढा वेळ तरी आपण थांबू या.