हद्द आणि हक्क

जमिनीच्या दाव्यांत वीस वर्षे घालविल्यावर हद्दीच्या दगडाविषयी फारसा आदर उरत नाही. बांध कोरला जातो, दगड रातोरात सरकतो, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून ब्राझीलमधील देनी लोकांनी २००१ साली आपल्या अरण्याची हद्द स्वतःच आखावयास घेतल्याची हकीकत वाचताना आम्ही थबकलो.

जुरुआ आणि पुरुस या नद्यांच्या मधल्या अरण्यात देनींची वस्ती आहे. तेथे जावयाचे ते नावेने, वळणावळणाच्या पाण्यावरून. आपली भूमी एका मलेशियन लाकूड कंपनीच्या खरेदीत गेली आहे, हे त्यांना बाहेरच्या माणसांकडून कळले. विकणाऱ्याला ती विकण्याचा अधिकार कोणी दिला, हे मात्र कोणी विचारले नव्हते. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेचे २३१ वे कलम तर म्हणते की, आदिवासींचा आपल्या परंपरागत भूमीवरील हक्क मूळचाच आहे. सरकारने फक्त हद्द आखून तिचे रक्षण करावयाचे. त्यासाठी पाच वर्षांची मुदत होती. ती १९९३ साली संपली, आणि देनींची हद्द आखली गेली नाही. तेव्हा ग्रीनपीस आदी संस्थांचे स्वयंसेवक यंत्रे घेऊन नदीमार्गे गेले. ती चालविण्यास देनी शिकले आणि झाडोरा तोडीत रेषा काढू लागले. मग सरकार हलले. २००३ साली सुमारे पंधरा लाख हेक्टरांची आखणी पुरी झाली.

हक्क मूळचा असेल, तर रेषेने त्यात कोणती भर पडली? मालकाला तिची गरज नव्हतीच. ती परक्यासाठी काढावी लागली. आपल्याकडील २००६ च्या वनहक्क कायद्यातही हक्क ‘मान्य करणे’ आणि ‘बहाल करणे’ असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. जे पूर्वीपासून आहे ते बहाल कसे करावयाचे, हे कायदा करणाऱ्यांनाच ठाऊक!

पण आम्हांस अधिक बोचते ते निराळेच. आतली भूमी राखणारी रेषा बाहेरची भूमी सोडूनही देते. शिकाऱ्याची वाट तिथे थांबत नाही, मासा थांबत नाही. यंत्र घेऊन गेलेला स्नेही देनींना एक ढाल देतो, आणि तिच्याबरोबर अरण्याकडे नकाशाच्या डोळ्यांनी पाहण्याची आपली सवयही देतो. त्याने जाऊ नये काय? आमचे मत, जावे. कारण लाकडाचा व्यापारी त्याच्या विवंचनेसाठी खोळंबणार नाही. मात्र रेषा कोठून न्यावयाची, हे देनीने सांगावे आणि पाहुण्याने ऐकावे.

पाहुणे आले तसे नदीनेच परतले. त्या अरण्यात तोडलेली वाट थोड्याच वर्षांत बुजते. ती उघडी ठेवावयाची तर कोयता पुन्हा हाती घ्यावा लागतो, आणि त्या वेळी नाव येईलच असे नाही.