पनवेल, खांदेश्वर, मानसरोवर

हार्बर मार्गावर पनवेलकराला एक सुख आहे. गाडी इथूनच सुटते, त्यामुळे बसायला मिळतं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत सव्वा तासाहून अधिक प्रवास. खिडकी मिळाली तर एक झोपही होते. पण याच गाडीत पाऊल ठेवताना कुणाकुणाचे तळवे घामेजतात. गर्दीचं त्यांना फारसं काही नसतं. त्यांची भीती वाशीच्या पुढची असते. वाशी आणि मानखुर्दच्या मध्ये ठाण्याची खाडी, खाडीवर पूल आणि अधेमधे एकही स्टेशन नाही. गाडी पुलावर थांबली, छातीत धडधडायला लागलं आणि उतरता आलं नाही तर? हे वाक्य त्या 'तर'वरच अडतं. पुढे काय होईल, हे तो माणूस स्वतःशीसुद्धा कधी बोलत नाही.

असा माणूस पहिल्यांदा मानसतज्ज्ञाकडे जात नाही. आधी फॅमिली डॉक्टर, 'गॅस असेल' म्हणून दिलेल्या गोळ्या, मग ईसीजी, टू-डी एको. थायरॉइडचीही तपासणी होते आणि ती व्हायलाच हवी, कारण ती ग्रंथी जास्त काम करू लागली तरी हुबेहूब अशीच धडधड आणि थरथर होते. घरी कुणी मीठमोहरी उतरवून टाकतं. शेवटी सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि कोडं आणखी अवघड होतं. काहीच नाही, तर मग हे होतं ते काय? त्यावर आपल्याकडचा सर्वात स्वस्त सल्ला मिळतो, 'टेन्शन घेऊ नकोस.'

होतं ते खरंच असतं. धोका दिसला की अ‍ॅड्रिनलिन सुटतं, हृदय वेग घेतं, श्वास भराभर होतो. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. यात शरीराची चूक काहीच नाही, वाघ समोर असता तर यानेच वाचवलं असतं. 1986मध्ये डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने पॅनिकचा जो उलगडा मांडला, तो इथून पुढे सुरू होतो. माणूस त्या धडधडीचा अर्थ लावतो, 'हा हार्ट अटॅक आहे.' त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते आणि वाढलेली धडधड पुन्हा त्याच अर्थाचा पुरावा ठरते. भोवऱ्यात पाणी बाहेरून कुणी ओतत नसतं.

धडधडीचं इतकं नेमकं वर्णन शोधायला आपल्याला दूर जावं लागत नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाची गात्रं गळतात, तोंड कोरडं पडतं, अंग कापतं, त्वचेचा दाह होतो, धनुष्य हातातून निसटतं, उभंही राहवत नाही. या प्रसंगाचा उल्लेख समुपदेशनाच्या व्यासपीठांवर वारंवार होतो. पण मला त्यातली एक बारीक गोष्ट अधिक मोलाची वाटते. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला कृष्ण त्याला आधी झापतो. हे दुबळेपण तुला शोभत नाही, ऊठ. त्याचा उपयोग होत नाही. अर्जुन आपली कारणं सांगतो, लढणार नाही म्हणतो आणि गप्प बसतो. 'टेन्शन घेऊ नकोस'ची ती सर्वात थोर आवृत्ती होती आणि तीही पडली. संवाद सुरू होतो तो त्यानंतर. अर्थात गीता म्हणजे थेरपी, असं म्हणायचा मोह आवरावा. कृष्णाला उत्तर आधीपासून ठाऊक आहे. थेरपिस्टला ते ठाऊक नसतं, निदान नसावं. त्याच्याकडे प्रश्न असतात आणि गृहपाठ असतो.

गृहपाठाची ही परंपरा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसपासून सांगता येते. ब्रॉंक्सच्या वनस्पती उद्यानात, एकोणिसाव्या वर्षी, मुलींशी बोलायला घाबरणाऱ्या या पोराने शंभर अनोळखी स्त्रियांशी बोलायचं ठरवलं आणि बोलला. एकच भेटायला तयार झाली, तीही आली नाही. मात्र त्याची भीती गेली. पुढे 1955च्या सुमारास त्याने विवेकनिष्ठ मानसोपचार उभा केला. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिसशी तीन दशकांहून अधिक काळ पत्रव्यवहार केला आणि ही पद्धत मराठी माणसाच्या ओळखीची केली. अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी त्याच वाटेवरची. 'मनाचे श्लोक' तोंडपाठ असलेल्या समाजाला मनाशी बोलणं नवं नाही. नवं आहे ते मनाला उपदेश न करता त्याची उलटतपासणी घेणं. 'पुलावर मी मरेन, याला पुरावा काय? आतापर्यंत असं किती वेळा वाटलं? त्यातलं किती वेळा झालं?'

आणि उलटतपासणी नुसती खुर्चीत बसून होत नाही. थेरपिस्ट मुद्दाम जिने चढायला लावतो, खुर्चीत गरागरा फिरवतो, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावतो. धडधड आणि चक्कर आपणच आणायची आणि बघायचं, त्यापुढे काही होतं का. मग शिडी. पहिल्या आठवड्यात पनवेल ते खांदेश्वर. नंतर मानसरोवर, खारघर, बेलापूर. घाबरून मध्येच उतरलं की मेंदू धडा घेतो, 'उतरलो म्हणून वाचलो', आणि पुढच्या वेळी भीती जास्त होते. म्हणून वाढत्या भीतीत बसून राहायचं, ती चढून आपोआप उतरेपर्यंत. तीव्र झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत शिखर गाठतो. वाशीपर्यंत रुळलेला माणूस मग खाडीकडे बघतो. कुणाला सोबत औषधं लागतात. मानसोपचारतज्ज्ञ देतात ती नैराश्यविरोधी गोळी लागू पडायला काही आठवडे घेते. अर्ध्या तासात गार करणारी दुसरी गोळी सवयीची होऊ शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या नजरेखालीच बरी.

पण या शिडीपर्यंत पोचणारे थोडेच. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने बारा राज्यं पाहिली. महाराष्ट्र त्यात नव्हता, ही आपल्यासाठी चुटपुट लावणारी बाब. चिंता आणि नैराश्यासारख्या नेहमीच्या विकारांमध्ये सुमारे 85 टक्के माणसं उपचारांपर्यंत पोचतच नाहीत, असं त्यातून दिसलं. ऑक्टोबर 2022पासून 14416 या टेली-मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. फोन म्हणजे थेरपी नव्हे, पण कुठे जायचं हे तरी कळतं.

शिडीच्या कुठल्यातरी पायरीवर थेरपिस्ट घरच्यांनाही बोलावतो. तोपर्यंत त्या माणसाच्या खिशात पाण्याची बाटली असते, दाराजवळची जागा ठरलेली असते आणि नेरूळला, वाशीला आईचा फोन ठरलेला असतो, 'बरा आहेस ना रे?' बाटली घरी ठेवता येते, दाराजवळची जागा सोडता येते. पण त्या फोनमुळेही तो 'आईचा आवाज आला म्हणून पोचलो' असंच धरून चालतो. मग आईला सांगावं लागतं, मावशी, पुढचे पंधरा दिवस फोन करायचा नाही. मुलगा गाडीत बसतो; आई स्वयंपाकघरात, फोन पालथा घालून. त्या पंधरवड्यात आईचा गृहपाठ अनेकदा मुलाच्या गृहपाठाहून अवघड निघतो.