अस्थींची साक्ष

मनुष्य सज्ञान केव्हां झाला, हें त्याच्या हाडांस विचारावें काय? प्रश्न विक्षिप्त वाटेल; पण शाळेचा दाखला वा जन्मनोंद नसेल, तर अखेरचा उपाय म्हणून आरोपी मुलाचें वय हाडांच्या तपासणीनें ठरवावें, असें आपला २०१५ चा बालन्याय कायदाच सांगतो.

हाड सर्वांगानें लांबत नाहीं. हेल्स नांवाच्या इंग्रज पाद्र्यानें कोंबडीच्या पिलाच्या पायाच्या हाडास दोन छिद्रें पाडून पाहिलें. हाड लांबलें, छिद्रांमधील अंतर तेवढेंच राहिलें. १७२७ सालीं त्यानें हें प्रसिद्ध केलें. वाढ होते ती टोकांजवळच्या कोंवळ्या कूर्चेंत. यौवनांत ती अस्थिरूप झाली कीं उंची खुंटते. मुलींत लवकर, मुलांत उशिरां, आणि अर्धपोटीं वाढलेल्यांत बहुधा आणखी उशिरां.

अशा साक्षीदाराकडून जन्मतिथि कशी मिळावी? (विवेकाची खूण तर क्ष-किरणचित्रांत मुळींच उमटत नाहीं.) न्यायालयेंहि दोन्ही बाजूंस दोन वर्षांची चूक शक्य मानीत आलीं आहेत. वैद्यास ती क्षम्य वाटेल. पण सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घोर अपराधासाठीं प्रौढाप्रमाणें खटला चालविण्याची वाट याच कायद्यानें ठेविली आहे, आणि त्या वाटेची रुंदी नेमकी दोनच वर्षांची! तेथें संशयाचा फायदा मला तरी मुलासच द्यावासा वाटतो.