संशयाचे कारण कोणी सांगावे?

वाचकहो, आपल्यावर संशय घेतला गेला, तर तो का घेतला, हे विचारण्याचा हक्क आपणांस आहे की नाही?

नेदरलँड्सच्या शासनाने एक संगणकप्रणाली वापरली होती. कर, घर, कर्ज, शासकीय मदत यांच्या नोंदी एकत्र करून मदतीचा गैरफायदा कोण घेत असावा, याचा अंदाज ती करी. तिचा रोख गरीब वस्त्यांकडे होता. संशयितांना तसे कळविण्याचे बंधन नव्हते. अंदाजाचे निकषही गुप्त होते. ५ फेब्रुवारी २०२० रोजी हेगच्या न्यायालयाने तिचा कायदा अवैध ठरविला. जिची पारख करता येत नाही, अशा प्रणालीपुढे नागरिकाचे खासगी जीवन सुरक्षित राहत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

निकष उघड केल्यास लबाड सावध होतील, असे शासनाचे म्हणणे होते. ते अगदीच पोकळ नव्हे. परंतु काही लबाडांसाठी सर्व निरपराध्यांना अंधारात ठेवणे न्याय्य कसे? कोणती नोंद चुकली हे कळलेच नाही, तर माणसाने ती दुरुस्त तरी कशी करून घ्यावी?

कृत्रिम बुद्धिमत्ता अंदाज करील. जबाब मात्र माणसानेच द्यावयाचा आहे. यंत्राच्या निर्णयावर जो सही करतो, त्याला त्याचे कारण साध्या भाषेत सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर त्याने सही करू नये.