दोन वजने

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे २०:१०, २ शमुवेल १२:१-७



भाताची कापणी आटोपली की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील रिकाम्या शेतांत टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट सुरू होते. अशा सामन्यांत पंच बहुधा फलंदाजी करणाऱ्या संघातलाच असतो. दुसरा आणायचा कोठून? यष्टीपाशी बोटभर अंतराचा प्रश्न आला की त्याचे बोट आपल्या माणसासाठी काही वर जात नाही. डाव बदलला, तोच प्रसंग पुन्हा आला, की तोच मुलगा आता क्षेत्ररक्षक म्हणून "बाद! बाद!" असे ओरडत धावतो. डोळे तेच, अंतर तेच. वजन मात्र बदललेले.

इब्री शास्त्रात या ठिकाणी वजनासाठी 'दगड' हाच शब्द आहे. त्या काळी व्यापारी तोलण्याचे दगड पिशवीत घेऊन फिरत. लबाड माणसाच्या पिशवीत दोन प्रकारचे दगड असत : घेताना जड, देताना हलका. अशा मापांचा परमेश्वराला वीट आहे, असे ज्ञानी पुरुष सांगतो.

मोठ्या मैदानांवर तरी काय वेगळे चालते? प्रतिस्पर्ध्याला अपशब्दांनी डिवचण्याला 'स्लेजिंग' असे नाव मिळाले आहे. ऑस्ट्रेलियाचे खेळाडू अनेक वर्षे म्हणत आले, की आम्ही खोचक बोलतो पण एक रेषा ओलांडत नाही. ती रेषा कोठे आखायची हे मात्र तेच ठरवीत! २०१८ साली केपटाऊनला चेंडू घासताना ते पकडले गेले, स्मिथ व वॉर्नर यांना वर्षभर बंदी झाली, आणि आपल्याकडे घरोघरी समाधान व्यक्त झाले.

जानेवारी २०२१ मध्ये सिडनीच्या प्रेक्षकांतील काही जणांनी आपल्या महंमद सिराजला शिवीगाळ केली. खेळ थांबला, सहा प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले. आपल्याला संताप आला, आणि तो योग्यच होता.

पण १७ ऑक्टोबर २००७ चे काय? त्या दिवशी मुंबईच्या वानखेडे मैदानावर काही प्रेक्षकांनी अँड्र्यू सायमंड्सला माकडाचे हावभाव करून दाखविले. सायमंड्सच्या अंगी वेस्ट इंडीजचे रक्त होते; शिवी त्याच्या कातडीला होती. पोलिसांना प्रेक्षकांवर कारवाई करावी लागली. तो संताप तेव्हा कोठे होता? "थोडी थट्टा झाली, एवढे काय मनावर घ्यायचे?" असे म्हणणारे पुष्कळ भेटले, त्यांत रविवारी उपासनेला बसणारेही होते. सायमंड्स २०२२ साली मोटार अपघातात वारला. त्याची क्षमा मागण्याची वेळही गेली.

नाथान संदेष्टा दाविदाकडे आला तेव्हा त्याने आरोप केला नाही, गोष्ट सांगितली. गरिबाची एकुलती एक कोकरी श्रीमंताने हिसकावली हे ऐकून राजा खवळला आणि त्याने कडक शिक्षा ठरविली. ध्यानात घ्या, दाविदाचा न्याय चुकीचा नव्हता. त्याच्या हातातला दगड पुऱ्या वजनाचा होता. तो दुसऱ्यासाठी राखून ठेवलेला होता, एवढेच. नाथानाने तोच दगड उचलून राजाच्याच पारड्यात टाकला. म्हणून सिडनीबद्दलचा आपला राग सौम्य करण्याची गरज नाही. तो आहे तेवढाच्या तेवढा वानखेडेवर आणावयाचा आहे. हे अवघड आहे, कारण तेथे आपली माणसे बसलेली असतात.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना एका मराठी माणसाची हकिकत जरूर सांगावी. सिडनीत शिवीगाळ झाली तेव्हा भारताचा कर्णधार अजिंक्य रहाणे होता. पंचांनी मैदान सोडण्याची मोकळीक दिली असता, आम्ही काही चूक केलेली नाही, आम्ही खेळणार, असे त्याने सांगितले, ही सिराजचीच साक्ष आहे. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये कोइमतूरला दुलीप करंडकाचा अंतिम सामना झाला. रहाणे पश्चिम विभागाचा कर्णधार. त्याच्याच संघातील तरुण यशस्वी जयस्वाल दक्षिण विभागाच्या रवि तेजाला सारखा बोलून डिवचत होता. पंचांनी समज दिली. रहाणेनेही समजावले. तरी तोंड थांबेना, तेव्हा कर्णधाराने आपल्याच खेळाडूला मैदानाबाहेर जाण्यास सांगितले.

हा काही संघातला दुय्यम मुलगा नव्हता. त्याच सामन्यात त्याने २६५ धावा केल्या होत्या आणि विजय त्याच्याच बळावर जवळ आला होता. अशा वेळी "जाऊ दे, आपलाच आहे" म्हणणे किती सोपे! जयस्वाल बाहेर गेला, काही षटकांनी परत आला, आणि पश्चिम विभागाने सामना २९४ धावांनी जिंकला.